हजार कप्प्यांचे जहाज

दोन शतकांपूर्वी शिडाच्या मोठ्या युद्धनौकेला दोर ओढण्यासाठी सुमारे हजार लाकडी कप्प्या लागत. कवच एल्मचे, चाक टणक लिग्नम व्हिटीचे. सगळे हातकाम, एकीचा मेळ दुसरीशी बसेलच असे नाही. अभियंता मार्क ब्रुनेलने या कामाचे टप्पे पाडले, यंत्रकार हेन्री मॉड्स्लेने त्यांसाठी यंत्रे घडवली. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत एक यंत्र भोक पाडी. दुसऱ्याची पटाशी त्याच भोकातून खालीवर होई, दर टोल्याला ठोकळा आपोआप पुढे सरके आणि खाच पुरी झाली की यंत्र थांबे. खरी करामत या थांबण्यातच! १८०८ पर्यंत ११० कारागिरांचे काम १० अकुशल माणसे करू लागली. वर्षाला १,३०,००० कप्प्या. त्या ११० कारागिरांचे काय झाले, हे कौतुकाच्या वर्णनांत सहसा येत नाही.