दुसरा शनिवार कोणत्या तारखेला?

तुमसर ही धानाची बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी चुकाऱ्याचे पैसे काढायला येथील बँकेत येतो. बँक बंद असली की त्याची दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही वाया जाते. महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद ठेवण्याचा नियम देशात १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाला. या तारखा वर्षभराच्या आधीच संगणकाकडून काढून घेऊन शाळेच्या फळ्यावर लिहिता येतील काय? अवश्य येतील.

हा हिशेब मुळात बाकीचा आहे. रविवारला ०, सोमवारला १, याप्रमाणे शनिवारला ६ असे क्रमांक देऊ. हव्या असलेल्या वाराच्या क्रमांकातून महिन्याच्या १ तारखेच्या वाराचा क्रमांक वजा करावा. वजाबाकीला ७ ने भागून येणारी बाकी १ मध्ये मिळवली, की तो वार त्या महिन्यात प्रथम कोणत्या तारखेला येतो ते कळते. १ मे २०२५ रोजी गुरुवार होता. ६ − ४ = २, म्हणून पहिला शनिवार ३ मे. त्यात ७ मिळवले की दुसरा, १० मे. २१ मिळवले की चौथा, २४ मे.

आता त्याच महिन्यातला पहिला मंगळवार काढू. २ − ४ = −२. खरी गोम येथे आहे. −२ ला ७ ने भागल्यावर पायथन ही भाषा बाकी ५ देते आणि ६ मे हे बरोबर उत्तर येते. सी भाषेत मात्र बाकी −२ येते आणि तारीख निघते उणे १! यात संगणकाची चूक नाही. पायथन भागाकार खालच्या पूर्णांकाकडे नेते, सी शून्याकडे. उपाय सोपा आहे : भागण्यापूर्वी वजाबाकीत ७ मिळवावेत. मग दोन्ही भाषांत उत्तर एकच येते.

दुसरी चूक समजुतीची असते. चौथा म्हणजे शेवटचा नव्हे. मार्च २०२५ मध्ये १ तारखेलाच शनिवार होता. त्यामुळे शनिवार पाच आले. चौथा २२ तारखेला, शेवटचा २९ तारखेला.

पडताळ्यासाठी एक खूण आम्ही सुचवतो. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ आणि चौथा २२ ते २८ या तारखांतच येतो. असे का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.