तान्ह्या बाळाच्या अंगावरची चरबीची गाठ

बाळाला आंघोळ घालताना आजीचा हात काखेत, मांडीवर किंवा पाठीवर एका मऊ गाठीवर थबकतो. बाळ रडत नाही, दूधही पिते. पण महिन्या-दोन महिन्यांत गाठ वाढते, झबले घट्ट होते. मग घरात दोन तट पडतात. एकजण म्हणतो, बाळसे आहे, जिरेल. दुसरा कॅन्सरच्या धसक्याने अर्धमेला होतो.

चरबीच्या अशा एका दुर्मिळ गाठीला डॉक्टर लायपोब्लास्टोमा म्हणतात. गर्भात चरबी तयार करणाऱ्या कोवळ्या पेशी जन्मानंतरही वाढत राहतात, त्यांची ही गाठ. बहुतेक बाळे ३ वर्षांच्या आतली. त्यांत मुलगे अधिक. जॅफे यांनी हे नाव १९२६ साली वापरले. बहुतेक गाठींच्या पेशींत ८ व्या गुणसूत्रावरील प्लॅग-१ या जनुकात उलथापालथ आढळते. तेव्हा सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, हे बोलणे आधी बंद करा. तिचा यात काडीचा दोष नाही.

ही गाठ कॅन्सरची नव्हे. ती दूरच्या अवयवांत पसरत नाही. तरी ती काढतात, कारण वाढता वाढता ती नसा, श्वासनलिका किंवा आतडी दाबू शकते. लेप लावून, डाग देऊन ती जात नाही. कोवळी कातडी मात्र भाजते. सोनोग्राफी आणि एमआरआयवरून गाठ किती खोल आहे ते कळते. पक्के निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते, कारण चरबीचा कर्करोग कधी कधी असाच दिसतो. इतक्या लहान वयात तो फारच क्वचित असतो.

शस्त्रक्रिया बालशल्यचिकित्सक पूर्ण भूल देऊन करतात. आवरणात बसलेली गाठ बहुधा अख्खी निघते. स्नायूंत शिरलेली पसरट गाठ अवघड. तिच्यासाठी बाळाचा हात-पाय निकामी करत नाहीत. थोडी ठेवून लक्ष ठेवतात. केमोथेरपी लागत नाही.

काही बाळांत गाठ पुन्हा येते, म्हणून पुढे काही वर्षे तपासणी हवी. इथेच आपण चुकतो. टाके सुकले की फाईल पेटीच्या तळाशी! खाडा झाला की मजुरी बुडते, हे खरे; पण तारीख चुकवू नका.

मुंबईत परळचे वाडिया रुग्णालय खास मुलांचे आहे. केईएम आणि शीव रुग्णालयांतही बालशल्यचिकित्सा विभाग आहेत. रेशनकार्ड सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे आरोग्यमित्राला भरतीआधीच विचारा. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट जन्मदाखल्याजवळ ठेवा. गाव बदलले तर नवा डॉक्टर आधी तोच मागेल.