सहावा-सातवा महिना : सुखाचे आणि सावधपणाचे दिवस

गर्भारपणाच्या नऊ महिन्यांत सर्वांत सुखाचे दिवस कोणते, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे, तर बहुतेकींचे उत्तर सहावा महिना आणि सातव्याची सुरुवात असेच येते. आरंभीची मळमळ मागे पडलेली असते, अन्नाला चव आलेली असते आणि पोटाचा भार अजून असह्य झालेला नसतो. वैद्यकीय गणनेनुसार हा दुसऱ्या तिमाहीचा उत्तरार्ध, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला साधारण २१ ते २७ वा आठवडा होय. सर्व काही ठीक वाटते म्हणून याच काळात तपासणी पुढे ढकलली जाते. आणि काही विकार चाहूलही न देता सुरू होतात तेही याच काळात.

बाळाची वाढ

पहिलटकरणीला बाळाची हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास प्रथम जाणवते. दुसऱ्या खेपेस ती थोडी लवकर कळते. २४ व्या आठवड्यात बाळाचे वजन सुमारे ६०० ग्रॅम असते आणि तिमाहीच्या अखेरीस ते एक किलोच्या जवळ पोहोचते. बाळ आता आवाजांना प्रतिसाद देऊ लागते. सुभद्रेच्या उदरातील अभिमन्यूची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चक्रव्यूहाचे ज्ञान राहू द्या, पण आईचा आवाज बाळापर्यंत पोहोचतो, हे मात्र खरे. फुप्फुसे अजून पुरती परिपक्व नसतात. म्हणूनच या काळात प्रसूती झाल्यास बाळाला नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागाची गरज भासते.

मातेच्या शरीरातील बदल

गर्भाशय आता बेंबीच्या वर सरकलेले असते. कंबरदुखी, छातीत जळजळ, बद्धकोष्ठता, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे, सायंकाळी पावलांवर थोडी सूज येणे, पोटाच्या त्वचेला खाज सुटणे या तक्रारी सर्वसाधारण आहेत. थोडे थोडे पण अनेकदा खाणे, भरपूर पाणी पिणे, रोज चालणे आणि कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपणे यांनी पुष्कळ आराम पडतो. मधूनच पोट घट्ट होऊन पुन्हा सैल पडते. ते अनियमित असेल आणि विश्रांतीने थांबत असेल, तर काळजीचे कारण नसते.

न जाणवणारे तीन विकार

पहिला विकार गर्भारपणातील मधुमेह. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. स्वादुपिंडाला ही तूट भरून काढता आली नाही, तर रक्तातील साखर वाढते. तहान, थकवा अशी लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. आपल्या देशातील पद्धतीनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. त्यासाठी उपाशीपोटी असण्याची आवश्यकता नसते. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास उपचार सुरू होतात. पहिल्या भेटीत ही चाचणी निर्दोष आली असली, तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी लागते. अनेकींची साखर केवळ आहार आणि चालण्याने आटोक्यात राहते. दुर्लक्ष झाल्यास मात्र बाळ अवाजवी मोठे होऊन प्रसूती अवघड होऊ शकते आणि जन्मानंतर त्याची साखर एकदम उतरू शकते.

दुसरा विकार रक्तदाबाचा. २० व्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि लघवीतून प्रथिने जाणे, हे माता व बाळ दोघांनाही धोक्याचे असते. तिसरा विकार रक्तक्षय. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असल्यास लोहाच्या गोळ्यांबाबत हयगय करू नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, तसेच लोहाच्या गोळीनंतर लगेच चहा घेऊ नये.

माहेरचा प्रवास

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपली रीत आहे. नोकरी दिल्लीत अथवा बंगळूरला आणि माहेर साताऱ्याला किंवा नागपूरला, अशी स्थिती आज असंख्य कुटुंबांची आहे. हा प्रवास बहुधा सातव्या महिन्यात होतो, आणि साखरेची दुसरी चाचणीही त्याच सुमारास यायची असते. इकडचे डॉक्टर समजतात, ती तिकडे होईल. तिकडच्यांना वाटते, ती झालेलीच असेल. यासाठी निघण्यापूर्वीच चाचणी उरकावी आणि सर्व अहवाल, सोनोग्राफीचे कागद, लसींच्या नोंदी व चालू औषधांची यादी एका फाइलमध्ये स्वतःजवळ ठेवावी. प्रवासात दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत. मोटारीचा पट्टा पोटाखालून बांधावा.

तपासणीचा खर्च पेलत नसेल, तर २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांची मोफत तपासणी होते. नोकरदार स्त्रियांनी रजेचा विचारही आताच करावा. २०१७ पासून पात्र महिला कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. त्यांतील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात.

थांबू नये अशी लक्षणे

रक्तस्राव, पाण्यासारखा स्राव, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक आलेली सूज किंवा बाळाची नेहमीची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. २४ आठवडे होऊनही हालचाल मुळीच जाणवली नसेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा थाट होतो, ओटी भरली जाते, गोडाधोडाचे ताट समोर येते. हा आनंद भावी मातेच्या हक्काचा आहे. घरच्यांनी एवढेच करावे : डोहाळजेवणाची तारीख ठरवताना साखरेच्या चाचणीची तारीखही ठरवावी, आणि ती त्याआधीची असावी.