ताब्यातील मृत्यू आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण

मृत्यूची चौकशी कोणी न मागताही केव्हा सुरू व्हावी, याची सीमारेषा भारतीय कायद्याने मुख्यतः ताब्याच्या कल्पनेवर आखलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे पोलीस कोठडीत, अथवा दंडाधिकारी वा न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या अन्य कोठडीत एखाद्याचा मृत्यू झाला, तर पोलीस तपासाव्यतिरिक्त न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करणे बंधनकारक असते. परभणी जिल्ह्याला या तरतुदीचे महत्त्व अलीकडेच कळले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला, शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगर येथे झाले, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, आणि त्यांच्या आईने दाद मागितल्यावर जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. चौकशी बंधनकारक असूनही आईला न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. परंतु निदान चौकशीचा कागद अस्तित्वात होता, म्हणून त्यावर भांडता आले.

याच जिल्ह्यातील एखाद्या वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेचा मृत्यू झाला, तर असा कागद आपोआप तयार होत नाही. तीही दाराला बाहेरून कडी असलेल्या खोलीत राहत असते, तिचे जेवण, औषध आणि अंथरूण दुसऱ्याच्या हातात असते, आणि तिथून निघून जाण्याची मुभा तिला नसते. मात्र तिच्या बंदिवासावर कोणा दंडाधिकाऱ्याची सही नसल्यामुळे कायद्याच्या लेखी ती कोणाच्याच कोठडीत नसते.

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विसराळूपणा नव्हे. मेंदूच्या पेशी क्रमाने निकामी होत जाऊन स्मरण, भाषा, दिशांचे भान, निर्णयशक्ती आणि शेवटी गिळण्याची क्रियाही बिघडते, अशा अनेक विकारांना मिळून हे नाव आहे, आणि त्यांपैकी अल्झायमर हा सर्वाधिक आढळणारा होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना, हा विकार आहे. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक दिसतो. परभणीसारख्या मुख्यतः ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने हा तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीसाठी घरची कर्ती माणसे दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि वृद्ध मागे राहतात, हे वास्तवही त्यात धरावे लागते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांपैकी एकही नाही.

अशा रुग्णाच्या मृत्यूचे कारण शोधणे अवघड असते, कारण आजार आणि हेळसांड यांच्या खुणा बऱ्याचदा सारख्याच दिसतात. गिळता न आल्याने अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. हे उत्तम शुश्रूषेतही घडते आणि रुग्णाला आडवे निजवून घाईने भरवल्यानेही घडते. एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीवर व नितंबांवर शय्याव्रण होतात, त्यातून जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. परभणीच्या मे महिन्यातील उन्हाळ्यात तहान लागली हे न सांगता येणारा रुग्ण शुष्कतेने खंगतो, आणि घशाला कोरड पडल्याची तक्रार कोणाच्याही कानावर येत नाही. रात्री ओरडणाऱ्या रुग्णाला शांत ठेवण्यासाठी दिली जाणारी मनोविकारविरोधी औषधे हा आणखी गंभीर भाग होय: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्यांच्या आधारे असा इशारा दिला की, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ही औषधे दिल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे १.६ ते १.७ पट होते.

म्हणून चौकशी करणाऱ्याला साक्षीदारापेक्षा नोंदवह्या अधिक उपयोगी पडतात. वजनाचा तक्ता, पाणी व लघवीच्या नोंदी, कूस बदलल्याच्या वेळा, औषधाचा चार्ट, रुग्ण पडल्याची नोंद आणि बांधून ठेवले असल्यास त्याचे कारण व कालावधी, या गोष्टी एकत्र ठेवल्या की मृत्यूपूर्वीच्या आठवड्यांचा क्रम बराचसा उलगडतो. याउलट मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात पुष्कळदा ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले जाते. ते प्रमाणपत्र तात्कालिक कारण, त्यामागील कारण आणि मूळ कारण अशी साखळी मागत असते. हृदय बंद पडणे ही तर प्रत्येक मृत्यूची अवस्था आहे, तिला कारण म्हणता येत नाही.

नोंदवह्यांचे मोल ऑस्ट्रेलियातील ओकडेन प्रकरणाने दाखवून दिले. ॲडलेड शहरातील ओकडेन हे वृद्धांच्या मनोविकारांसाठीचे सरकारी केंद्र होते. पार्किन्सन आणि ल्यूई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश असलेले बॉब स्प्रिग्ज तेथे २०१६ मध्ये दाखल झाले. त्यांना ठरलेल्या मात्रेच्या दहापट औषध दिले गेल्याचे उघड झाले, अंगावर मुक्या माराचे डाग आढळले, आणि त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. कुटुंबाने तक्रार लावून धरली. राज्याचे मुख्य मानसोपचारतज्ज्ञ एरन ग्रोव्ह्स यांचा अहवाल एप्रिल २०१७ मध्ये आला व केंद्र बंद झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयुक्त ब्रूस लँडर यांनी या प्रकरणाला राज्याच्या इतिहासातील लाजिरवाणा अध्याय ठरवले. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने वृद्धसेवेवर रॉयल कमिशन, म्हणजे साक्षी-पुरावे घेण्याचे अधिकार असलेला सर्वोच्च दर्जाचा चौकशी आयोग, नेमला. त्याच्या २०१९ च्या अंतरिम अहवालाचे नावच ‘दुर्लक्ष’ असे होते, तर मार्च २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या. विशेष बोचणारी बाब अशी की हे केंद्र अधिकृत मान्यता-तपासणीत उत्तीर्ण होत आले होते. तपासणीची तारीख आधी कळवण्याची पद्धत पुढे बदलून न कळवता भेटी सुरू झाल्या, हा या प्रकरणाचा सर्वांत व्यवहारी परिणाम म्हणावा लागेल.

भारतात अशा संस्थांसाठी कायदाच नाही असे मात्र नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराची व्याख्या स्मरण आणि स्थळकाळाचे भान यांच्या गंभीर बिघाडालाही लागू पडते, त्यामुळे असे रुग्ण ठेवून घेणारी संस्था नोंदणीस पात्र ठरते, आणि नोंदणीविना चालवल्यास पहिल्या वेळी ५ ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. रुग्णाच्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी, बांधून ठेवण्यावरील निर्बंध आणि तक्रार ऐकणारे पुनर्विलोकन मंडळ यांची तरतूदही त्यात आहे. मात्र ही यंत्रणा बहुतांशी तक्रारीवर चालते, आणि ज्याला आपण कोठे आहोत हेच कळत नाही त्याने तक्रार करावी ही अपेक्षा हास्यास्पद आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याची मुभा सरकारला देतो, परंतु खासगी आश्रमांच्या दर्जावर देखरेख ठेवण्याची तरतूद करणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

प्रत्येक मृत्यूची सक्तीने चौकशी करावी, असे म्हणणे सोपे आहे. इंग्लंडच्या अनुभवाने त्याला मर्यादा घातली आहे. तेथे संमतीविना संस्थेत ठेवलेल्या रुग्णाचा मृत्यू सरकारी बंदिवासातील मृत्यू मानला जाई आणि कोरोनर, म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणारा स्वतंत्र न्यायिक अधिकारी, त्याची चौकशी करी. (मुंबईतही असे पद १९९९ पर्यंत होते.) २०१४ मधील एका न्यायनिर्णयाने बंदिवासाची व्याख्या रुंदावताच नैसर्गिक मृत्यूंच्या चौकशांचा ढीग साचला, शोकाकुल कुटुंबांना विनाकारण ताटकळावे लागले, आणि एप्रिल २०१७ पासून ही सक्ती काढून टाकण्यात आली.

मधला मार्ग आपल्याच संहितेत आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत एखाद्या स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर दंडाधिकाऱ्याने चौकशी केलीच पाहिजे, असे कलम १९४ व १९६ एकत्र वाचता दिसते. परक्या घरात तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. शय्याव्रण, अस्थिभंग, झपाट्याने घटलेले वजन वा नोंदीत न बसणारे औषध यांपैकी एकही खूण असेल तर संस्थेतील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी तीच सक्ती लागू करणे तर्काला धरून होईल.

तोवर सध्याच्या कायद्यात कुटुंबाला एक वाट उपलब्ध आहे. संशय असल्यास पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करण्याची, शवविच्छेदनाची आणि दंडाधिकाऱ्याकडे चौकशीची मागणी करता येते; मृत्यूच्या स्वरूपानुसार इतर संशयास्पद प्रकरणांत अशी चौकशी करणे दंडाधिकाऱ्याच्या इच्छेवर सोडलेले आहे. या वाटेला वेळेचे बंधन मात्र फार कडक असते, कारण आपल्याकडे अंत्यविधी बहुधा काही तासांतच उरकला जातो, आणि दहनानंतर रक्तातील औषधाचे प्रमाण किंवा फुप्फुसातील अन्नकण यांविषयी बोलण्यासाठी संस्थेच्या स्वतःच्या नोंदवहीखेरीज काही उरत नाही.