दर्या सर्वांचा, पण कोणत्या जाळ्यांना खुला?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा दोरी ओढायला गावातले कुणीही हात लावू शकते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि माणसे दोन बाजूंनी ओढत राहतात. मासळी बाहेर आली की होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा ठरतो. समुद्र सर्वांसाठी खुला आहे, याचा यापेक्षा सरळ अर्थ मला माहीत नाही. पण त्या खुलेपणाला मर्यादाही आहे. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीला सापडतो. त्याच्या मागे जाण्याची ताकद या जाळ्यात नाही.

पर्ससीनमध्ये ती आहे. बांगडा, तारली थव्याने फिरतात. पर्ससीनची नौका तो अख्खा थवा गोल घेरते, मग तळाची दोरी ओढली की जाळे बटव्यासारखे आवळते. त्यात काळोख्या रात्री एलईडीचे प्रखर दिवे लावले तर मासळी आपणहून गोळा होते. बाहेरच थवे उचलले गेल्यावर रापणीची दोरी कितीही माणसांनी ओढली तरी हाती काय लागणार? म्हणून मासेमारी कुणाला करू द्यायची, यावरची भांडणे मला अर्धवट वाटतात. कोणत्या जाळ्याने, कुठे आणि कधी, हे ठरवल्याशिवाय ‘सर्वांचा समुद्र’ हा ताकदवानांचाच राहतो.

गोव्याच्या रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध हाच प्रश्न लावून धरला. पुढे गोव्यात 1980 चा आणि महाराष्ट्रात 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले: हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे. केंद्रानेही नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी तंटे थांबले नाहीत. बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याचे, त्यापुढे केंद्राचे. रात्रीच्या अंधारात ही रेषा कुणी पाळली हे पाहायला गस्तीनौका हव्यात. जानेवारी 2025 पासून राज्याने ड्रोनची गस्त सुरू केली, ते योग्यच झाले. परवाना घेऊन, कर्ज फेडत, नियमाने धंदा करणाऱ्या पर्ससीनमालकालाही बेकायदा नौकांचा फटका बसतोच.

पावसाळी बंदी मात्र सर्वांना ठाऊक आहे. अनेक जातींच्या विणीचा हा काळ, आणि गाभोळीने भरलेली मादी मारली की पुढचा हंगामच मारला जातो. पूर्वी महाराष्ट्रात 10 जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा 15 ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल तोवर, नौका बंद असत. आता पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आहेत. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना सूट आहे. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा, असे अनेक मच्छीमार स्वतःच मागतात. पण या दिवसांत खलाशाने खायचे काय? केंद्राच्या बचत-मदत योजनेत पात्र कुटुंबाला तीन महिन्यांचे मिळून 4500 रुपये मिळतात, त्यातले 1500 त्याचेच बचतीचे. समुद्राच्या विश्रांतीची किंमत एवढ्यावर भागवणे मला मान्य नाही.

लोकांना न विचारता केलेले संवर्धन टिकत नाही, याचे उदाहरणही मालवणातच आहे. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य जाहीर झाले. मासेमारी बंद होईल या भीतीने स्थानिकांनी विरोध केला आणि अभयारण्य बरेचसे कागदावर राहिले. पुढे सिंधुदुर्गात ट्रॉलरवाल्यांना सोबत घेऊन चौकोनी आसाच्या जाळ्यांचे प्रयोग झाले. आस म्हणजे जाळ्याचे छिद्र. नेहमीचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा. ओढताना ताण आला की तो मिटतो आणि पिल्लेही अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, लहान मासा निसटतो, मोठा मासा जाळ्यातच राहतो.

पारंपरिक जाळे म्हणजे निर्दोष, असेही नाही. डोल नावाच्या पारंपरिक जाळ्याच्या बारीक आसाच्या टोकात बोंबील-जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लेही येतात. म्हणूनच 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवला तो महत्त्वाचा. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. किमान आकाराचा नियम केरळने त्याआधी 2015 मध्ये आणला होता. पिल्लू जाळ्यात मरूनच वर येते, तेव्हा तपासणी जाळ्याच्या आसापासून सुरू व्हायला हवी, आणि ती भाऊच्या धक्क्यापासून आपल्या गल्लीतल्या पाटीपर्यंत पोहोचायला हवी. तळहाताएवढ्या पापलेटचा वाटा स्वस्त मिळाला म्हणून आपण घेतो, तोवर तो पकडणाऱ्याला गिऱ्हाईक आहे.