पाटा मधोमधच का तुटतो?

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर मुंबईहून येणारी वाहतूक दोन वाटांनी जाते. एक वाट खंडाळ्याचा घाट चढून पुण्याकडे, दुसरी कोकणातून गोव्याकडे. शेजारीच कळंबोलीला लोखंडाचा बाजार आणि मालमोटारींचा तळ आहे. त्यामुळे ‘पाटा तुटला’ हे शब्द इथल्या विद्यार्थ्यांच्या कानावरून गेलेले असतात. पाटा म्हणजे धुरा आणि चासी यांच्यामध्ये बसवलेली, पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जुळवणी सुरू झाली. त्या जीपला पुढे-मागे पाटेच होते. २०१० मध्ये आलेल्या महिंद्रा थारलाही मागे पाटे होते.

डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी हौशी मालक अशी गाडी उंच करून घेतात. काही महिन्यांनी ती एका अंगाला झुकते, सरळ चालत नाही किंवा पाटाच तुटतो. असे का होते, हे समजायला शाळेतल्या पट्ट्या पुरेशा आहेत.

प्लॅस्टिकची ३० सेंटिमीटरची एक पट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढून घट्ट धरा. टोकाला छोटे वजन टांगा आणि टोक किती खाली आले ते मोजा. आता तशाच दोन पट्ट्या एकावर एक ठेवून तेच वजन टांगा. वाक साधारण निम्मा होईल. मग त्या दोन पट्ट्या पूर्ण लांबीभर एकमेकींना चिकटवा. आता वाक जवळजवळ आठव्या हिश्शावर येईल. कारण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सुट्या पट्ट्या मात्र वाकताना एकमेकींवरून सरकतात, म्हणून त्यांचा ताठपणा फक्त संख्येच्या प्रमाणात वाढतो.

पाट्याची सारी खुबी या सरकण्यात आहे. एकच जाड पट्टी वापरली तर ती नीट वाकणार नाही. सुट्या पातळ पट्ट्या वजनही पेलतात आणि वाकतातही. पट्ट्यांमध्ये गंज आणि चिखल बसला की घर्षण वाढते. मग लहान धक्क्याला त्या सरकतच नाहीत, जणू चिकटवलेल्याच. गाडी आदळू लागते, तेव्हा नवा पाटा घेण्याआधी जुना सोडवून साफ करून पाहावा.

आता मूळ प्रश्न. वजनामुळे येणारे वाकवणारे बल मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकाला सर्वांत कमी असते. म्हणूनच खालच्या पट्ट्या आखूड होत जातात. पण मध्यभागीच सेंटर बोल्टसाठी भोक असते आणि भोकाच्या कडेला ताण एकवटतो. मग रोज पाटा का तुटत नाही? कारण दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट मधला भाग धुऱ्यावर इतका आवळून धरतात की तो वाकतच नाही. यू-बोल्ट सैल पडले की भोकाजवळचा भागही वाकू लागतो. हजारो वेळा वाकल्यावर बारीक तडा जातो आणि एके दिवशी पट्टी तुटते. कधी सेंटर बोल्टच कापला जातो. मग धुरा एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. उतारावर, वळणावर हे जिवावर बेतू शकते.

गाडी उंच करण्याच्या पद्धतींचेही असेच परिणाम होतात. जादा पट्टी घातली तर उंचीबरोबर ताठपणाही वाढतो. पाट्याच्या टोकाची झुलती कडी, म्हणजे शॅकल, लांब केली तर धुरा कलतो. पुढे त्यामुळे स्टिअरिंग भरकटते, मागे प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येऊन थरथर सुरू होते. धुरा आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला तर वेग घेताना किंवा ब्रेक लावताना धुऱ्याला पाटा पिळायला मोठी तरफ मिळते आणि पाटा नागमोडी वाकतो.

दोष शोधताना क्रम महत्त्वाचा. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा, टायरमधली हवा सारखी ठेवा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची मोजा. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमधले अंतर मोजा. फरक आढळला तर सेंटर बोल्ट पाहा. यू-बोल्टपाशी घासल्याच्या चकचकीत खुणा किंवा तांबूस भुकटी दिसली तर पकड सैल आहे. तरीही झुकाव उरला, तर डावा आणि उजवा पाटा अदलाबदल करा. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाट्यात. तिथेच राहिला तर शॅकल, बुश किंवा चासी तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

तुटलेली पट्टी वेल्डिंगने जोडू नये. उष्णता देऊन कमावलेल्या पोलादाचा गुण त्या उष्णतेनेच जातो. काढलेले यू-बोल्टही पुन्हा वापरू नयेत. एकदा ताणलेले आटे पूर्वीइतकी पकड देत नाहीत. नवे बसवल्यावर थोडे अंतर गाडी चालवून ते पुन्हा आवळावेत.

शेवटी एक हिशेब. समजा, चाकांमधले अंतर १२० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंच आहे. उभी गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की ही मर्यादा सुमारे ४०.६ अंशांवर येते. वेगाने वळताना ती आणखी घटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार मालकाला मनाने करता येत नाहीत. हे बंधन कशासाठी, याचे एक उत्तर या हिशेबात आहे. गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर वर गेला तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनी काढून पाहावे.