नमुन्याची सही

बँकेतल्या तीस वर्षांत माझ्या डोळ्यांना एक काम मनापासून जमले : चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहणे. पण थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, डाव्या डोळ्यात काही बदलले आहे, हे मला दिसले नाही. दिसले ते माझ्या मुलीला. "आत्या, तू एका डोळ्याने सारखी दचकल्यासारखी का बघतेस गं?"

आधी थेंब झाले, मग चष्म्याचा नंबर बदलून झाला. आणि एके सकाळी वरच्या फळीवरचे डबे अक्काला एकावर एक दुप्पट दिसू लागले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "डोळा पुढे आला आहे. मागे गाठ तर नाही ना, ते पाहू. सीटी स्कॅन करा. आणि यांचे जुने फोटो आणा."

'गाठ' हा शब्द घरी आला आणि सगळे गप्प झाले. रात्री अक्काने मुदत ठेवींच्या पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. "वारसाचं नाव नीट लागलंय का बघ रे." मी पावत्यांतून मान वर काढली नाही.

रेडिऑलॉजिस्ट बाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या. डोळ्याची खोबण म्हणजे हाडांचा शंकू, तोंड फक्त पुढे. आत जागा साधारण 30 मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा चमचे! तेवढ्यात नेत्रगोल, तो फिरवणारे सहा स्नायू, दृष्टीची नस आणि चरबी. आत काही वाढले तर हाड हलत नाही. डोळाच पुढे सरकतो.

साध्या एक्स-रेत हाडे दिसतात, हा मऊ ऐवज दिसत नाही. तो दिसू लागला गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरमुळे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. 1979 साली त्याला ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळाले. स्कॅनवर हाड पांढरे, स्नायू करडे आणि चरबी काळी. त्या काळ्या पाटीवर बाकीचे सारे उठून दिसते.

"यात बिघाड ओळखता कसा?" मी विचारले.

"सोपं आहे, काका. एक बाजू दुसरीशी ताडायची."

मी चमकलो. हा तर माझाच धंदा!

डाव्या खोबणीत खालचा आणि नाकाकडचा स्नायू फुगला होता. टकळीवर सूत भरावे तसा मधोमध जाड. डोळ्याला जोडणारी त्याची कंडरा मात्र बारीकच. गाठ असती तर बहुधा निराळा गोळा दिसला असता. स्नायूचाच दाह असता तर बहुतेक वेळा कंडराही सुजली असती. पोट फुगलेले आणि कंडरा शाबूत, ही थायरॉईडशी निगडित नेत्रविकाराची खूण. खालचा स्नायू ताठरला की डोळा वर वळत नाही. म्हणून फळीवरचे डबे दुप्पट!

"आणि हा उजवा पाहा," बाई म्हणाल्या. ज्याला मी चांगला डोळा समजत होतो, त्याचेही स्नायू थोडे जाडच होते. म्हणजे ज्या सहीशी मी ताडत होतो, तो नमुनाच बदललेला! मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हाच विकार, मग एकच डोळा पुढे आलेला दिसो. आता जुन्या फोटोंचे मर्म कळले. खरा नमुना माझ्या मुलीच्या बारशाच्या फोटोत होता.

शेवटी त्यांनी शंकूचे टोक पाहिले. तिथे फुगलेल्या स्नायूंची दाटी झाली तर नस दाबली जाते, नजर जाऊ शकते. अक्काच्या नसेभोवती काळी चरबी शाबूत होती. तेवढ्या काळ्या कडेने आम्हाला झोप परत दिली.

रक्ततपासणीत थायरॉईड वाढलेलाच निघाला. उपचार लांबले. डोळा पूर्ण मागे गेला नाही. दुप्पट दिसणे खास चष्म्याने आवरले.

रोज पाहतो तो चेहरा आपण पाहतच नाही. घरातला जुना आल्बम कधीतरी काढून माणसांशी ताडून पाहावा. फरक वाटला तर डॉक्टरांकडे जाताना तो सोबत न्यावा.

पावत्या परत द्यायला गेलो, तर अक्का म्हणाली, "राहू देत तुझ्याकडेच. मुदत संपली की सांग, पुन्हा ठेवायच्यात."